जिओपॉलिमर काँक्रीटमध्ये सूर्याची उष्णता साठवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसा आरशांनी गोळा केलेली उष्णता रात्रीसाठी एका मोठ्या ठोकळ्यात राखून ठेवायची आणि तो ठोकळाही सिमेंटशिवाय ओतायचा, हे ऐकलं की प्रश्न पडतातच. विद्यार्थी, बांधकामातले लोक आणि कारखान्यांचे ऊर्जा-व्यवस्थापक विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. या जिओपॉलिमर काँक्रीटची, म्हणजे सिमेंटऐवजी राख किंवा मातीची भुकटी अल्कलीने घट्ट करून केलेल्या काँक्रीटची, ओळख बहुतेकदा 'कमी कार्बनचं काँक्रीट' अशी करून दिली जाते. माझं मत थोडं वेगळं आहे. उष्णता साठवताना त्याचा पहिला गुण तापमानात टिकून राहणं हा आहे, कार्बनची बचत हा दुसरा. तसं का, ते पुढे आकड्यांत येईलच. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

उष्णता साठवायची कशाला? वीज करून बॅटरीत ठेवली तर?

सौर पॅनेल थेट वीज देतात, तिला बॅटरी ठीक आहे. आरशांनी ऊन एकवटणारे प्रकल्प मात्र आधी उष्णता मिळवतात, तिच्यावर वाफ करतात, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि मग वीज होते. तिथे साठवण टर्बाइनच्या अलीकडे करणंच सोयीचं. उष्णता आहे तशी ठेवायची आणि सूर्य मावळल्यावर तिची वाफ करायची.

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. कारखान्यांना लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग मुळात उष्णतेच्याच रूपात लागतो. कापड रंगवणं, कागद सुकवणं, रस आटवणं, रसायनांचं ऊर्ध्वपातन करणं या कामांना ४०० अंशांच्या आतली उष्णता पुरते. तिथे साठवलेली उष्णता सरळ वापरता येते. तिची वीज करायला गेलं तर वाफेचं टर्बाइन ३५ ते ४० टक्केच हाती देतं. त्यामुळे पॅनेलच्या विजेवर काँक्रीट तापवायचं आणि रात्री त्याच उष्णतेची पुन्हा वीज करायची, हा सहसा आतबट्ट्याचा व्यवहार होतो. तीच उष्णता कारखान्याला वाफ म्हणून दिली तर हिशेब जमू शकतो.

आज ही उष्णता कशात साठवतात?

मुख्यतः वितळलेल्या क्षारांत. ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेट यांचं मिश्रण दोन टाक्यांत ठेवतात, एक 'थंड' आणि एक गरम. स्पेनमधल्या ग्रानादाजवळच्या अंदासोल-१ या ५० मेगावॉटच्या प्रकल्पात असे २८,५०० टन क्षार आहेत. ते टर्बाइनला पूर्ण भाराने साडेसात तास पुरतात. सेव्हिलजवळच्या हेमासोलार या मनोरा-प्रकल्पाचा (यात आरसे सगळं ऊन एका उंच मनोऱ्याच्या टोकावर एकवटतात) साठा १५ तासांचा आहे.

ही पद्धत सिद्ध झालेली आहे आणि तिला कमी लेखू नये. पण तिच्या दोन्ही टोकांना भिंती आहेत. २४० अंशांच्या खाली क्षार गोठू लागतात, म्हणून प्रत्येक नळीला आणि व्हॉल्व्हला तापवत ठेवावं लागतं. ५६५ अंशांच्या फार वर नेलं की ते विघटित होऊ लागतात. टाकी गळली तर प्रकल्पच थांबतो. अमेरिकेत नेवाडातला क्रेसेंट ड्यून्स हा ११० मेगावॉटचा प्रकल्प २०१६ मध्ये गरम टाकीच्या गळतीमुळे कित्येक महिने बंद राहिला. घन पदार्थाला गोठण्याची भीती नाही आणि गळतीचीही नाही.

मग नेहमीचं सिमेंट काँक्रीट का नको?

ते वापरून झालेलं आहे. जर्मन एरोस्पेस सेंटर या संस्थेने आधी स्पेनमधल्या अल्मेरियाच्या सौर केंद्रात आणि नंतर २००८ पासून श्टुटगार्टमध्ये नळ्या गुंफलेले काँक्रीटचे ठोकळे सुमारे ४०० अंशांपर्यंत चालवून पाहिले. एनर्जीनेस्ट या नॉर्वेजियन कंपनीने हायडेलबर्ग सिमेंटच्या साथीने खास काँक्रीट विकसित केलं आणि अबू धाबीत मसदार इथे त्याचा पथदर्शी साठा उभारला. तेव्हा ४०० अंशांच्या आत, नीट आखलेलं सिमेंट काँक्रीट चालतं, हे आधी मान्य करायला हवं.

अडचण त्यापुढे आहे, आणि ती सिमेंटच्या रसायनातच आहे. सिमेंट आणि पाणी मिळून जे घट्ट जेल बनतं, त्या ताकद देणाऱ्या जेलमध्ये पाणी रचनेचाच भाग म्हणून बसलेलं असतं. १०० अंश ओलांडले की ते टप्प्याटप्प्याने सुटू लागतं आणि जेल आक्रसतं. ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान काँक्रीटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडमधून पाणी जातं आणि मागे कळीचा चुना उरतो. ठोकळा निवला, हवेतली आर्द्रता आत शिरली, की हा चुना पुन्हा पाणी घेऊन फुगतो आणि आतूनच तडे पाडतो. एकदाच आगीत सापडलेल्या इमारतीत हे एकदाच घडतं. साठ्याला मात्र देखभालीसाठी अधूनमधून पूर्ण थंड करावं लागतं आणि दर वेळी हा धोका परत येतो.

जिओपॉलिमर म्हणजे नेमकं काय?

सिलिका आणि अ‍ॅल्युमिना भरपूर असलेली भुकटी घ्यायची आणि ती तीव्र अल्कलीच्या द्रावणात कालवायची. भुकटी म्हणजे औष्णिक वीजकेंद्रातली कोळशाची बारीक राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश, लोखंडाच्या झोतभट्टीतला दळलेला स्लॅग (धातूवर तरंगणारी मळी) किंवा भाजलेली केओलिन माती, म्हणजेच मेटाकाओलिन. द्रावण बहुधा कॉस्टिक सोडा आणि वॉटर ग्लास, म्हणजे द्रवरूप सोडियम सिलिकेट, यांचं असतं. अल्कली भुकटीचे कण विरघळवते. सुटे झालेले सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिजनच्या दुव्यांनी पुन्हा जोडले जातात आणि त्रिमितीय जाळं तयार होतं. या जाळ्यात खडी आणि वाळू धरली जाते. दिसायला, ओतायला ते नेहमीच्या काँक्रीटसारखंच, फक्त जरा चिकट.

अल्कलीने स्लॅग घट्ट करण्याचे प्रयोग १९४० पासूनचे आहेत. कीव्हमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्स्की यांनी १९५० च्या दशकात त्यांना बांधकामाचं रूप दिलं. जिओपॉलिमर हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ दाविदोवित्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिलं. फ्रान्समधल्या भीषण आगींनंतर न जळणारा पदार्थ शोधताना ते या वाटेला लागले होते. म्हणजे उष्णतेला तोंड देणं हे या शोधाच्या मुळाशीच आहे.

उष्णतेत ते सिमेंटपेक्षा चांगलं का टिकतं?

या जाळ्यात पाणी रचनेचा आधार म्हणून बसलेलं नसतं. प्रक्रियेला पाणी लागतं, पण काम झाल्यावर ते बहुतांशी छिद्रांमध्ये मोकळं राहतं. साधारण २०० ते २५० अंशांपर्यंत त्यातलं बहुतेक निघून जातं आणि मागे सिलिकॉन, ऑक्सिजन व अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा शाबूत राहतो. कमी कॅल्शियमच्या फ्लाय अ‍ॅशपासून केलेल्या मिश्रणात कॅल्शियम हायड्रॉक्साइड जवळपास नसतंच, त्यामुळे तो चुना फुगण्याचा प्रकारही उद्भवत नाही. उलट, तापवल्यावर न विरघळलेले राखेचे कण जाळ्याशी अधिक घट्ट सांधले जातात. त्यामुळे काही मिश्रणांची ताकद तापवल्यावर वाढलेलीही दिसते.

मात्र 'जिओपॉलिमर' एवढं नाव पुरेसं नाही. स्लॅग जास्त असेल तर जेलमध्ये कॅल्शियम शिरतं आणि वागणूक सिमेंटकडे झुकते. निव्वळ मेटाकाओलिनचं मिश्रण जास्त पाणी मागतं आणि वाळताना फार आकसतं. कमी कॅल्शियमची राख उष्णतेत उत्तम, पण नेहमीच्या हवेत ती फार सावकाश घट्ट होते. तिला ६० ते ८० अंशांवर काही तास ठेवावं लागतं. म्हणून कारखान्यात ओतलेले ठोकळे साठ्यासाठी जास्त योग्य ठरतात. तिथे क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट घट्ट होऊ देण्याच्या काळातलं, तापमान हातात राहतं.

किती तापमानापर्यंत वापरता येईल?

सोडियमच्या जिओपॉलिमरचा सांगाडा ७०० ते ८०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. पोटॅशियम वापरलं तर ही मर्यादा वर सरकते, पण पोटॅशियमची द्रावणं महाग असतात. शिवाय सांगाडा टिकला तरी खडी टिकलीच पाहिजे, नळीचं पोलाद टिकलं पाहिजे आणि उष्णता वाहून आणणारं तेल, क्षार किंवा हवा त्या तापमानाला चालली पाहिजे. पन्हळी प्रकल्पांत, म्हणजे पन्हळीसारख्या वळवलेल्या आरशांच्या प्रकल्पांत, फिरणारं कृत्रिम तेलच ४०० अंशांच्या आसपास थांबतं. सगळं धरून मी या पदार्थाचं घर २०० ते ६०० अंशांच्या पट्ट्यात मानतो. त्यातही ४०० ते ६०० हा भाग असा, जिथे सिमेंट दमतं आणि भट्टीची सिरॅमिक वीट अजून गरजेची नसते.

एका घनमीटरमध्ये किती उष्णता मावते?

अंदाजासाठी दोन आकडे पुरे आहेत. काँक्रीटचा एक किलो एक अंशाने तापवायला सुमारे १ किलोज्यूल लागतो आणि घनता सुमारे २,३०० किलो प्रतिघनमीटर असते. म्हणजे एका घनमीटरमध्ये दर अंशाला ०.६४ किलोवॉट-तास. साठा २०० अंशांच्या फरकात चालवला, समजा ३०० ते ५००, तर १ मेगावॉट-तास उष्णतेला सुमारे १८ टन, म्हणजे जवळपास ८ घनमीटर काँक्रीट लागेल.

आता अंदासोलएवढा साठा घेऊन पाहू. ५० मेगावॉट साडेसात तास म्हणजे ३७५ मेगावॉट-तास वीज, आणि टर्बाइनची कार्यक्षमता धरता सुमारे १,०१० मेगावॉट-तास उष्णता. अंदासोल हा पन्हळी प्रकल्प आहे, म्हणून तिथे तेलामुळे तापमानाचा फरक जेमतेम १०० अंशांचा मिळतो. तेवढ्यावर काँक्रीट लागेल ३६,००० टनांहून थोडं जास्त, आकारमानाने १६,००० घनमीटर. हाच फरक २०० अंशांचा मिळाला तर निम्मं पुरेल. म्हणूनच जास्त तापमान सोसणाऱ्या काँक्रीटची किंमत फक्त प्रतिटन पाहणं चुकीचं आहे. प्रत्येक जादा अंश काँक्रीट, नळ्या, पाया आणि जागा या सगळ्यांत बचत करतो.

उष्णता आत शिरते आणि बाहेर येते किती वेगाने?

काँक्रीटची उष्णतावाहकता कमी, साधारण १ ते २ वॉट प्रतिमीटर प्रतिअंश. वाळलेलं जिओपॉलिमर छिद्रमय असल्यामुळे बहुतेकदा यातल्या खालच्या टोकाला असतं. उष्णतेला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. १.२ ची वाहकता धरली तर ५ सेंटिमीटर आत शिरायला सव्वा-दीड तास लागतो, १० सेंटिमीटरला पाच तासांच्या वर आणि १५ सेंटिमीटरला जवळपास बारा. ऊन असतं आठ-दहा तास. त्यामुळे नळ्या एकमेकींपासून हातभर दूर ठेवून चालत नाही. मधलं काँक्रीट दिवसभरात तापतच नाही आणि त्याचा भार उगाच वाहावा लागतो.

वाहकता वाढवली की नळ्या विरळ करता येतात. त्यासाठी वाहक खडी, पोलादी तंतू, ग्राफाइट, सिलिकॉन कार्बाइड असं बरंच काही मिसळून पाहिलं जातं. ग्राफाइट उत्तम वाहक आहे, पण हवेत ५०० अंशांच्या आसपास ते हळूहळू जळू लागतं, शिवाय मिश्रणाची ताकद घटवतं. मला यात सर्वांत शहाणपणाचा मार्ग खडीची निवड हाच वाटतो, कारण आकारमानाचा तीन-चतुर्थांश भाग तिचाच असतो.

खडी कोणती वापरावी?

बेसॉल्ट भरवशाचा. तो ज्वालामुखीतूनच आलेला असल्याने ६०० अंशांवर त्यात फारसं काही बिघडत नाही. वाहकता मध्यम आहे.

क्वार्ट्झाइट उष्णता फार छान वाहून नेतो, पण क्वार्ट्झची स्फटिकरचना ५७३ अंशांवर बदलते आणि त्या क्षणी तो एकदम फुगतो. साठा रोज या तापमानाच्या वर-खाली जाणार असेल तर क्वार्ट्झाइट आणि नदीची क्वार्ट्झयुक्त वाळू दोन्ही टाळावीत. ५०० च्या आत राहणार असेल तर तोच उत्तम पर्याय ठरू शकतो. चुनखडीची खडी ७०० च्या पुढे कार्बन डायऑक्साइड सोडून चुना होते. पोलाद कारखान्याचा थंड केलेला स्लॅग जड आणि उष्णतेला सरावलेला असतो, मात्र त्यात मोकळा चुना राहिलेला नाही ना, हे तपासून घ्यावं लागतं.

पहिल्यांदा तापवताना ठोकळा फुटतो, हे खरं का?

फुटू शकतो, आणि या तंत्रातला सर्वांत नाजूक टप्पा हाच आहे. ताज्या काँक्रीटच्या एका घनमीटरमध्ये साधारण १५० लिटर पाणी असतं. वर ज्या साठ्याचा हिशेब केला, त्यात ते २,४०० टन होईल. यातलं मोकळं पाणी बाहेर काढावंच लागतं. एक लिटर पाण्याची १०० अंशांवर सुमारे १,७०० लिटर वाफ होते. ठोकळा घाईने तापवला तर वाफेला छिद्रांतून वाट मिळत नाही आणि आत दाब चढतो. शिटी नसलेल्या कुकरची जी गत, तीच मग या ठोकळ्याची होते.

यावर उपाय माहीत आहेत, पण ते संयम मागतात. तापमान तासाला काही अंशांनीच चढवायचं. १०० अंशांच्या थोडं वर बराच काळ थांबायचं, मग १५० आणि २०० च्या टप्प्यांवर पुन्हा थांबायचं. मोठ्या ठोकळ्याला यासाठी दिवस नव्हे, आठवडे द्यावे लागतात. मिश्रणात पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे बारीक तंतू घालतात. ते १६५ अंशांच्या आसपास वितळतात आणि त्यांच्या जागी वाफेला बारीक वाटा मोकळ्या होतात. बाहेरच्या आवरणात आणि इन्सुलेशनमध्ये वाफ जायला जागा ठेवावी लागते. ही जागा आराखड्यात नसली की निघालेली वाफ थंड बाजूला पुन्हा पाणी होऊन साचते.

जिओपॉलिमरचं पाणी कमी तापमानाला आणि तुलनेने सहज निघतं, हा त्याचा फायदा आहे. पण त्याच वेळी जाळं आकसतं आणि आतली खडी मात्र तापून फुगत असते. या ओढाताणीत सूक्ष्म तडे जातात. केसाएवढे विखुरलेले तडे फारसं नुकसान करत नाहीत. ते एका रेषेत जुळले तर करतात. वाळण्याचं वेळापत्रक हे मिश्रणाच्या प्रमाणांइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ते प्रत्येक मिश्रणासाठी, प्रत्येक जाडीसाठी वेगळं ठरवावं लागतं.

काँक्रीटमध्ये गुंफलेल्या नळ्यांचं काय?

दहा मीटरची साध्या पोलादाची नळी ३०० अंशांनी तापली की सुमारे ३६ मिलिमीटर लांबते. तेवढ्याच लांबीचं काँक्रीट सुमारे ३० मिलिमीटर. हा फरक सांभाळता येतो. स्टेनलेस स्टीलच्या नेहमीच्या प्रकाराची नळी मात्र ५० मिलिमीटर लांबते आणि तिथे ताण वाढतो. निवताना नळी काँक्रीटपेक्षा जास्त आक्रसली की दोहोंमध्ये बारीक फट पडते. हवेची ती फट कागदाएवढी असली तरी उष्णतेला अडवते. म्हणून नमुन्याची दाबशक्ती किती, यापेक्षा शंभर वेळा तापवून-निववून नळीजवळचा सांधा कसा राहिला, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. दाबशक्ती साठ्याला फारशी लागतही नाही, ठोकळ्याने स्वतःचं वजन पेललं की झालं.

नळ्या हा साठ्याच्या खर्चातला फार मोठा वाटा असतो. त्यामुळे नळ्याच नसलेल्या रचनांकडेही लक्ष वळलं आहे. ठोकळ्यांतच पोकळ्या ठेवायच्या आणि त्यांतून गरम हवा खेळवायची. जर्मनीत युलिश इथल्या सौर मनोऱ्यात सिरॅमिकच्या जाळीदार विटांमधून अशीच सुमारे ७०० अंशांची हवा फिरवली जाते. ४०० ते ६०० अंशांच्या हवेसाठी जिओपॉलिमरचे साच्यात ओतलेले ठोकळे हा स्वस्त पर्याय होऊ शकतो. हवा मात्र उष्णता कमी वाहते, त्यामुळे पंख्यांना वीज जास्त लागते.

कार्बन खरंच किती वाचतो?

सिमेंटची बाजू आधी. क्लिंकर, म्हणजे दळल्यावर ज्याचं सिमेंट होतं ते भाजलेले गोळे, भाजायला सुमारे १,४५० अंश लागतात, पण इंधनाचा धूर हा प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग, साधारण ६० टक्के, चुनखडीतूनच सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा. भट्टी विजेवर चालवली तरी तो सुटणारच. म्हणून जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के धरला जातो. जिओपॉलिमरच्या भुकटीत चुनखडी भाजावी लागत नाही. केओलिन माती भाजावी लागते, पण ६५० ते ८०० अंशांना, आणि तिच्यातून सुटतं ते पाणी.

मग बचत ८० टक्के म्हणायची का? काही हिशेब तसं सांगतात. पण ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कच्च्या मालाची वाहतूक, अल्कलीचं उत्पादन आणि उष्ण क्युरिंग सगळं धरल्यावर बचत अवघी ९ टक्के निघाली. दोन्ही आकडे आपापल्या गृहीतकांवर बरोबर असू शकतात. फरक मुख्यतः अल्कलीमुळे पडतो. वॉटर ग्लास करायला वाळू आणि सोडा १,१०० अंशांच्या वर वितळवावे लागतात. कॉस्टिक सोडा मिठाच्या द्रावणातून वीज सोडून करतात, म्हणजे ती वीज कोळशाची की सौर, यावर सगळं अवलंबून. राख शंभर कोसांवरून आणली तर ट्रकचा धूरही मोजायला हवा. वॉटर ग्लासऐवजी भाताच्या तुसाच्या राखेतली किंवा टाकाऊ काचेतली सिलिका वापरणं आणि क्युरिंगसाठी सौर उष्णताच वापरणं या दोन गोष्टींनी हिशेब पुष्कळ सुधारतो. साठ्याचा कारखाना आरशांच्या शेजारीच असेल तर दुसरी गोष्ट सहज जमते.

आता सुरुवातीला केलेल्या विधानाकडे. वरचा १६,००० घनमीटरचा साठा सिमेंटने ओतला आणि दर घनमीटरला ३५० किलो सिमेंट धरलं, तर सिमेंटपोटी सुमारे ४,८०० टन कार्बन डायऑक्साइड होईल. हाच साठा दर रात्री ३७५ मेगावॉट-तास वीज देतो. तीच वीज गॅसवर केली असती तर रात्रीला सुमारे १५० टन कार्बन डायऑक्साइड सुटला असता. म्हणजे सिमेंटचं ओझं महिनाभरात फिटतं. जिओपॉलिमरने ते आणखी कमी होईल आणि ते करावंच, कारण वाचलेला प्रत्येक टन खरा आहे. पण साठा तीस वर्षांऐवजी आठ वर्षांत भेगाळला तर त्यापुढे ही बचत काहीच नाही. म्हणून टिकाऊपणा आधी.

राख आणि स्लॅग पुढे मिळणार का?

कोळशाची केंद्रं बंद होत जातील तशी ताजी राख कमी होईल, आणि ती व्हावी अशीच आपली इच्छा असली पाहिजे. दर्जेदार स्लॅग तर आजच सिमेंट उद्योग उचलतो. तो तिथून काढून इकडे वापरला तर एकूण बचत शून्यही होऊ शकते. जुन्या तळ्यांत साचलेली राख भरपूर आहे, पण ती ओली आणि कमी-जास्त प्रतीची असते. लांबचा विचार करता भाजलेली माती हाच खरा आधार आहे. केओलिन असलेली साधी माती जगात पुष्कळ ठिकाणी मिळते, अगदी शुद्ध असण्याचीही गरज नसते.

किती वर्षं टिकेल?

तीस वर्षं रोज एकदा तापणं-निवणं म्हणजे जवळपास ११,००० फेऱ्या. प्रयोगशाळेतल्या चाचण्या बहुधा काही दहा किंवा काही शे फेऱ्यांच्या असतात. बहुतेक बदल पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन पदार्थ स्थिरावतो, असं त्यांतून दिसतं आणि ही चांगली खूण आहे. पण लहान घनाकृती नमुना भट्टीत एकसारखा तापतो. मोठ्या ठोकळ्यात नळीजवळ ५०० आणि कडेला ३५० अंश असतात, आणि तडे जातात ते या फरकामुळे. मोठ्या मॉड्यूलवरच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्यात. त्या जमवण्यासाठी पैसा खर्च होणं, मला वाटतं, नवनवीन मिश्रणं शोधण्यापेक्षा आज जास्त गरजेचं आहे.

मोठ्या प्रमाणावर हे काँक्रीट कुणी ओतलं आहे का?

बांधकामात होय. ऑस्ट्रेलियात टुवुम्बा इथल्या वेलकॅम्प विमानतळावर २०१४ च्या सुमारास स्लॅग आणि राखेचं सुमारे ४०,००० घनमीटर जिओपॉलिमर काँक्रीट ओतलं गेलं. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या साठ्याच्या अडीच पट. मिसळणं, वाहून नेणं, ओतणं हे प्रश्न सुटलेले आहेत. उष्णतेच्या साठ्यासाठी मात्र ते अजून मुख्यतः प्रयोगशाळा आणि लहान मॉड्यूल यांच्या टप्प्यावर आहे. व्यापारी पातळीवर पुढे असलेले काँक्रीटचे साठे सिमेंटवर आधारलेले आहेत.

वितळलेले क्षार थेट या काँक्रीटवर सोडले तर?

टाळावं. नायट्रेट क्षार छिद्रांत मुरतात आणि काँक्रीट हळूहळू पोखरतं. क्षार नळीतच बरे.

हाताळताना कोणती काळजी घ्यायची?

तीव्र कॉस्टिक सोडा त्वचा आणि डोळे जाळतो. चष्मा, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे याला पर्याय नाही. सोडा नेहमी पाण्यात थोडा थोडा टाकायचा. सोड्यावर पाणी ओतलं तर द्रावण उसळून अंगावर येऊ शकतं. विरघळताना ते खूप तापतं, म्हणून आदल्या दिवशी करून निवू देतात. अ‍ॅल्युमिनियमची भांडी आणि साचे वापरू नयेत. अल्कली त्यांना खाते आणि हायड्रोजन सुटतो. राखेची धूळ श्वासात जाऊ नये यासाठी मास्क हवा. घट्ट होऊन तापवलेल्या ठोकळ्यात कॉस्टिक सोड्याने भाजण्याचा धोका उरत नाही.

पुरवठादाराला काय विचारावं?

मिश्रणात कॅल्शियम किती, खडी कोणत्या दगडाची, पहिल्या तापवणीचं वेळापत्रक कोणतं आणि त्याची हमी कोण देतं. उष्णतावाहकता आणि उष्णताधारकता वाळल्यानंतर आणि चालवायच्या तापमानाला मोजली आहे की ताज्या नमुन्यावर खोलीच्या तापमानाला? दोहोंत मोठा फरक पडतो, आणि माहितीपत्रकात बहुधा दुसरी असते. तापणं-निवणं नळीसह तपासलं की नळीशिवाय? कार्बनच्या आकड्यात वॉटर ग्लास आणि वाहतूक धरली आहे का? शेवटी इन्सुलेशन आणि पाया. ५०० अंशांच्या ठोकळ्याखालचा साधा काँक्रीटचा पाया आणि जमीन थंड कशी ठेवणार, याचा आराखडा हातात असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आयुष्य संपल्यावर ठोकळ्याचं काय करायचं?

पोलादी नळ्या काढून भंगारात देता येतात. उरलेलं काँक्रीट फोडून रस्त्याच्या थरासाठी किंवा नव्या ठोकळ्यांत खडी म्हणून वापरता येतं. ही खडी आधीच तापून, आकसून स्थिरावलेली असते, त्यामुळे नव्या साठ्यात ती ताज्या दगडाइतकी हालत नाही. भरावात टाकण्याआधी मात्र तिच्यातून अल्कली किंवा राखेतले जड धातू पाण्यात उतरतात का, याची चाचणी करून घ्यावी लागते.